परसदारी पोहण्याचा तलाव: आखणी आणि बांधकाम

बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा शेतघराच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा टाइलच्या रंगावर होते. महाराष्ट्रात तलावाची खरी परीक्षा मात्र मे आणि जुलै हे दोन महिने घेतात. मे महिन्यात तलावात टाकायला पाणी मिळत नाही आणि जुलैत तेच पाणी जमिनीत साचून तलावाला खालून वर रेटते. या दोन टोकांचा विचार खोदाईआधी कागदावर झाला असेल तर पुढची कामे चांगला मिस्त्री आणि चांगला प्लंबर व्यवस्थित पार पाडतात. झाला नसेल तर महागातली महाग टाइलही कामाला येत नाही.

उदाहरणादाखल येथे २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि साडेतीन ते पाच फूट खोल असा, एका कुटुंबाला पुरणारा तलाव धरला आहे. त्याची सरासरी खोली सव्वाचार फूट, घनफळ १,२७५ घनफूट आणि त्यात मावणारे पाणी सुमारे ३६,००० लिटर होते. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर केले आहेत. आपले माप वेगळे असल्यास एका घनफुटाला २८.३ लिटर या प्रमाणाने ते बदलून घ्यावेत.

आधी पाण्याचा हिशेब

छत्तीस हजार लिटर म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या जवळजवळ चार खेपा. हे पाणी एकदा भरल्यावर गाळून आणि निर्जंतुक करून वर्षानुवर्षे वापरता येते, त्यामुळे पहिल्या भरणीची फारशी काळजी करू नये. काळजी रोजच्या घटीची करावी. तलावाचे क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर आहे. पातळी एक मिलिमीटर उतरली की २८ लिटर पाणी गेले. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या तलावातून दिवसाला ६ ते १० मिलिमीटर पाणी उडून जाते. एप्रिल आणि मे मिळून हा आकडा दहा ते सतरा हजार लिटरपर्यंत जातो, म्हणजे ऐन टंचाईत तलाव जवळजवळ अर्धा पुन्हा भरावा लागतो. मार्चनंतर ज्यांचे बोअर आटते त्यांनी तलावाच्या खर्चातच पाण्यावर तरंगणाऱ्या आवरणाची तरतूद करावी. त्याने बाष्पीभवन बरेच कमी होते आणि पालापाचोळाही अडतो.

घराच्या छपराचे पाणी हा या बाबतीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते, आणि मावळ-मुळशीत इतका पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. पहिल्या सरींचे मळके पाणी बाहेर सोडून, पुढचे पाणी साध्या जाळीतून आणि वाळूच्या टाकीतून तलावाकडे वळवण्याची सोय आराखड्यातच ठेवावी. हे पाणी मऊ असते, हा आणखी एक फायदा. बेसॉल्ट खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि टाइलवर पाण्याच्या रेषेत पांढरा थर धरते. कोकणातल्या जांभ्याच्या पट्ट्यात पाण्यात लोह असू शकते. असे पाणी भरताना स्वच्छ दिसते आणि क्लोरीन पडताच तांबूस होते. म्हणून कठीणता, विरघळलेले क्षार आणि लोह यांची प्रयोगशाळेतून तपासणी आधीच करून घ्यावी.

जागा आणि जमीन

तलावाला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन मिळावे. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री इतकी थंडी पडते की सावलीतल्या तलावात दुपारीही कोणी उतरत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे पाण्याच्या शोधात भिंतीपर्यंत येतात, आणि शेवगा किंवा गुलमोहर यांची बारीक पाने जाळीतूनही निसटतात. या झाडांपासून तलाव दूर ठेवावा, त्यांच्यासाठी तो हलवावा, झाडे तोडू नयेत. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तलावाच्या उताराच्या खालच्या अंगाला असावेत. स्वयंपाकघरातून किंवा व्हरांड्यातून तलाव सरळ दिसत असेल तर मुलांवर लक्ष राहते. कोपऱ्यात झाडांआड लपवलेला तलाव चित्रात सुंदर दिसतो, पण लहान मुले असलेल्या घरात तो नकोच.

जमीन कशी आहे हे वरून कळत नाही. श्रावणात, पाऊस मुरलेला असताना, नियोजित जागी सहा-सात फूट खोल चाचणी खड्डा घ्यावा, त्याभोवती भक्कम कुंपण करावे आणि दोन दिवसांनी त्यात पाणी किती वर आले ते मोजावे. त्या एका खड्ड्यातून दोन गोष्टी समजतात: वरची माती किती खोल आहे आणि भर पावसात भूजल कुठवर येते. पक्का मुरूम लागला तर नशीब चांगले. खोदाई सोपी आणि पाया भरवशाचा. काळी माती लागली तर ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून तडे देते, म्हणून तळाखालची आणि भिंतींलगतची सगळी काळी माती काढून तिथे मुरूम थराथराने दाबून भरावा लागतो. कातळ लागला तर ब्रेकरचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा. अलीकडे टाकलेल्या भरावावर तलाव बांधू नये. एक बाजू भरावावर आणि दुसरी कातळावर आली तर वजनाने तलाव तिरका बसतो, आणि पाण्याची रेषा तो तिरपेपणा रोज दाखवत राहते.

परवानगीबाबत थोडक्यात सांगायचे तर जमीन अकृषिक आहे का, बांधकामाच्या मंजूर नकाशात तलाव दाखवावा लागतो का आणि हद्दीपासून किती अंतर सोडावे लागते, हे स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे परवानाधारक अभियंत्यामार्फत लेखी विचारून घ्यावे. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत, आणि अलिबागपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन लागू होते. तिथे हे प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारावेत. खोदलेला मुरूम आवाराबाहेर नेणार असाल तर गौण खनिजाच्या वाहतुकीबाबत तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी, नाहीतर ट्रक वाटेत अडतो.

रिकामा तलाव तरंगतो

हे वाक्य अनेकांना थट्टा वाटते, म्हणून हिशेबच मांडतो. आपल्या तलावाच्या भिंती आणि तळ २०० मिलिमीटर जाडीचे धरले आणि पाण्याच्या रेषेवर अर्धा फूट भिंत सोडली, तर काँक्रीट साधारण १३ घनमीटर लागते आणि त्याचे वजन सुमारे ३३ टन भरते. बाहेरच्या मापाने हा तलाव सुमारे ५३ घनमीटर जागा व्यापतो. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आले आणि तलाव रिकामा असला, तर पाणी त्याला सुमारे ५३ टनांच्या जोराने वर उचलते. बाजूच्या मातीचे घर्षण आणि प्लास्टर-टाइलचे वजन धरूनही एवढी तफावत भरून निघण्याचा भरवसा देता येत नाही. तळ फुगतो, फुटतो, किंवा अख्खा तलाव काही इंच वर येऊन सगळे पाइप तोडतो. तलाव भरलेला असेल तर त्यात ३६ टन पाणी असते आणि धोका उरत नाही.

यावरून तीन गोष्टी ठरतात. तळाच्या काँक्रीटखाली खडीचा थर आणि त्यात छिद्रे असलेला पाइप टाकून तो तलावाच्या कडेला असलेल्या छोट्या तपासणी विहिरीत सोडावा. या विहिरीचे झाकण उघडले की बाहेरचे पाणी किती वर आहे ते डोळ्यांना दिसते, आणि गरज पडल्यास साध्या पाणबुडी पंपाने ते उपसता येते. तळातल्या मुख्य निचऱ्यात दाबमुक्ती झडप बसवावी. बाहेरचा दाब वाढला की ती उघडून भूजल तलावात येऊ देते आणि तळ वाचतो. तिसरी गोष्ट म्हणजे जून ते ऑक्टोबर तलाव कोणत्याही कारणाने रिकामा करू नये, मग सफाईवाला कितीही आग्रह करो.

खोदाई आणि काँक्रीट

दिवाळीनंतर भूजल उतरू लागते, थंडीत काँक्रीट ओले ठेवणे सोपे जाते आणि पावसाआधी काम संपवायला पुरेसे महिने हाताशी असतात. म्हणून खोदाई डिसेंबरच्या सुमाराला सुरू करावी. सेंट्रिंगसाठी आणि बाहेरून काम करण्यासाठी चारही बाजूंना दोन-अडीच फूट जागा जास्त खोदावी लागते. आपल्या तलावासाठी ३० बाय १७ फूट आणि सरासरी साडेसहा फूट खोल खोदाई धरली तर ती ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. जमिनीतून निघालेली माती सुटी झाल्यावर पाव पटीने तरी फुगते, तेव्हा ढीग ४० ब्रासच्या पुढे जाईल हे धरूनच तो टाकायची जागा ठरवावी.

काही ठिकाणी मिस्त्री विटांच्या भिंती बांधून आतून प्लास्टर करण्याचा स्वस्त मार्ग सुचवतात. तो स्वीकारू नये. बाहेरून मातीचा आणि आतून पाण्याचा दाब आलटून-पालटून सोसणे विटांच्या भिंतीचे काम नाही. शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरून पोहण्याची सोय करण्याची कल्पनाही दर उन्हाळ्यात कोणीतरी काढतोच. शेततळ्याच्या गुळगुळीत उतारावर पाय ठरत नाही आणि आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. तिथे पोहू नये. तयार फायबरचा तलाव लवकर बसतो आणि त्याचे काम चांगले असते, मात्र तो आणण्याइतका रुंद रस्ता आणि क्रेन उभी राहील एवढी जागा लागते.

प्रबलित काँक्रीटचा तलाव बांधताना पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीचे भारतीय मानक ३३७० हे संरचना अभियंत्याने आधार म्हणून घ्यावे. त्यानुसार काँक्रीट किमान एम-३० दर्जाचे आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत असावे. सळयांची जाळी दोन्ही अंगांना हवी, कारण दाब दोन्हीकडून येतो. सळई आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांत ४५ मिलिमीटर कव्हर राहील असे कव्हर ब्लॉक लावावेत. सळईखाली फरशीचा तुकडा सरकवण्याची साइटवरची सवय इथे चालवून घेऊ नये. तळ दाबून घेतल्यावर सोलिंग, निचऱ्याची खडी आणि चार इंच पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), आणि मग तळाचा राफ्ट (सळयांचे काँक्रीट) अशा क्रमाने काम जाते.

गळती बहुतेक वेळा तळ आणि भिंत यांच्या सांध्यातून किंवा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथून होते. म्हणून तळ ओतताना भिंतीचा सुरुवातीचा चार-सहा इंच उंचीचा भाग त्याच्याबरोबरच ओतावा आणि त्यात पीव्हीसीचा वॉटर बार (सांध्यातून पाणी अडवणारी पट्टी) उभा ठेवावा. दुसऱ्या ओतणीआधी त्या सांध्यावरची सिमेंटची साय तारेच्या ब्रशने खरवडून, पाण्याने धुऊन, वर ग्राउट मारावे. व्हायब्रेटरची सुई वॉटर बारला लागून तो वाकला तर सांधा गेला असे समजावे. त्या दिवशी मालकाने स्वतः साइटवर उभे राहावे. भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये रुतून पाणी अडवणारी कडी) असावी आणि तो काँक्रीट ओतण्याआधीच जागेवर बसवलेला असावा. नंतर ड्रिल मारून पाइप घातला तर ती जागा आयुष्यभर पाझरते. ओतणीनंतर गोणपाट लावून निदान १४ दिवस काँक्रीट ओले ठेवावे.

दर मागवताना एकरकमी आकड्यावर समाधान मानू नये. खोदाई ब्रासवर, काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर आणि टाइल चौरस फुटावर असे वेगवेगळे दर लिहून घेतले की दोन ठेकेदारांची तुलना करता येते.

नळ, पंप आणि गाळणी

घरगुती तलावातले सगळे पाणी सहा तासांत एकदा गाळणीतून गेले पाहिजे असे धरले तर ताशी ६,००० लिटर प्रवाह लागतो. यासाठी ५०० मिलिमीटर व्यासाची वाळूची गाळणी आणि तिला जुळणारा छोटा पंप पुरतो. विक्रेता बहुधा मोठा पंप सुचवतो. गाळणी तेवढीच ठेवून पंप मोठा केला तर पाणी वाळूतून नको तितक्या वेगाने जाते आणि घाण अडत नाही. शिवाय विजेचे बिल वाढते. तलावातून पाणी ओढणारा पाइप ६३ मिलिमीटर आणि परतीचा ५० मिलिमीटर असावा. पंपघर तलावापासून फार दूर नसावे, आणि शक्य तर पंप पाण्याच्या पातळीखाली असावा. मात्र त्या खोलीच्या तळाला निचरा हवाच. पहिल्याच पावसात बुडालेली पंपघरे काही कमी नाहीत.

पृष्ठभागावरचे पाणी खेचण्यासाठी भिंतीत बसवलेले तोंड म्हणजे स्किमर किंवा चारही बाजूंनी पाणी ओसंडणारी नाली असे दोन प्रकार आहेत. दुसरा देखणा आहे, पण त्याला तलावाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची, म्हणजे तीन-चार हजार लिटरची वेगळी संतुलन टाकी लागते आणि ओल्या नालीतून पाणीही अधिक उडते. घरासाठी स्किमरच घ्यावा असे माझे मत आहे. तो वारा पाने ज्या भिंतीकडे ढकलतो त्या भिंतीत बसवावा आणि परतीची तोंडे समोरच्या भिंतीत ठेवावीत.

तळातला निचरा एकच ठेवणे जिवावर बेतू शकते. पंपाच्या ओढीने मुलाचे केस किंवा पाठ त्या एका तोंडाला चिकटली तर मोठ्या माणसालाही ती सोडवता येत नाही. एकमेकांना जोडलेले दोन निचरे निदान तीन-साडेतीन फूट अंतरावर ठेवावेत, म्हणजे एक झाकला गेला तरी दुसऱ्यातून पाणी येते आणि ओढ सैल पडते. त्यांची झाकणे फुगीर आणि स्क्रूने घट्ट बसलेली असावीत. सगळे नळ काँक्रीटखाली जाण्याआधी पाण्याच्या दाबाखाली २४ तास ठेवून दाबमापकाचा काटा हलत नाही हे पाहावे. गाळणी उलटी धुतल्यावर दर आठवड्याला काही शे लिटर पाणी निघते; ते सेप्टिक टँकमध्ये न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात सोडावे.

पाणीबंद काम, चाचणी आणि टाइल

बाहेरची माती भरण्याआधी आणि आतून प्लास्टर होण्याआधी तलाव एकदा पूर्ण भरावा. पहिला आठवडा काँक्रीट पाणी पिते, म्हणून त्या काळातली घट मोजू नये. नंतर तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी पेन्सिलीने खुणावावी आणि २४ तासांनी दोन्ही घटी ताडून पाहाव्यात. दोन्ही सारख्या असतील तर पाणी नुसते उडाले. तलावाची घट जास्त असेल तर पाणी मुरते आहे, आणि भिंत बाहेरून उघडी असल्यामुळे ओलीचा डाग कुठे आहे ते लगेच सापडते. ठेकेदार घाईत ही चाचणी टाइलनंतर करू म्हणेल. त्याला तसे करू देऊ नये.

त्यानंतर कोपऱ्यांना वाटा (गोलाई) मारून प्लास्टर करावे, सिमेंट-पॉलिमरच्या लेपाचे दोन हात द्यावेत आणि पुन्हा पाणी भरून पाहावे. टाइल पाणी अगदी कमी शोषणारी असावी, ती चिकटवण्याच्या खास मिश्रणावर लावावी आणि सांधे इपॉक्सीने भरावेत. रंग फिकट घ्यावा. गडद निळ्या किंवा काळ्या तळावर बुडालेले मूल चटकन दिसत नाही, हे कारण पुरेसे आहे. काठावर आणि भोवतीच्या फरसबंदीसाठी खरबरीत शहाबादी किंवा तत्सम दगड चांगला. पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला झाला की पाय घसरतो आणि काळा कडप्पा एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायांना भाजतो. ही फरसबंदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच आणि तलावापासून दूर उतरती ठेवावी, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आत येत नाही. पायऱ्या रुंद असाव्यात आणि बाजूला धरायला कठडा असावा, कारण या तलावात सर्वांत जास्त वेळ आजी-आजोबाच बसणार आहेत. पाच फूट खोलीत सूर मारता येत नाही, हे काठावर लिहून ठेवावे.

वीज आणि कुंपण

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर तलावापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. पंप आणि दिव्यांच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तलावातली सळई, शिडी आणि कठडा हे सगळे एकमेकांना जोडून अर्थिंगला बांधावे; सळई जोडण्याची तार काँक्रीट ओतण्याआधीच बाहेर काढून ठेवावी लागते. भोवती निदान चार फूट उंच, चढायला पायाची खाच नसलेले कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असावे. फाटकाची कडी मुलांच्या हाताला न पोचेल इतकी वर ठेवावी.

पहिली भरणी

पाणी भरल्यावर गाळणी सलग चालू ठेवून पहिल्याच दिवशी चाचणी संचाने मोजणी करावी. सामू ७.२ ते ७.६, क्षारता दशलक्ष भागांत ८० ते १२० आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ या मर्यादेत ठेवावा. क्षारता कमी असेल तर खाण्याचा सोडा चालतो. ३६,००० लिटरमध्ये ती १० ने वाढवायला सुमारे ६०० ग्रॅम सोडा लागतो. क्लोरीन १ ने वाढवायला ९० टक्के शक्तीचा टीसीसीए (तलावासाठी मिळणारे क्लोरीनचे रसायन) ४० ग्रॅम लागतो. क्लोरीन संध्याकाळी टाकावा, कारण उन्हात तो झपाट्याने उडतो. टीसीसीएबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात साठत जाते. ते थोडे असेपर्यंत क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, पण १०० च्या वर गेले की क्लोरीन मंदावतो आणि मोजणीत क्लोरीन पुरेसा दिसूनही पाणी हिरवे होऊ लागते. अशा वेळी थोडे पाणी बदलावे लागते, आणि तेही पावसाळ्याबाहेर. शेवाळ आले की मोरचूद टाकण्याची जुनी पद्धत आहे. त्याने टाइलवर डाग पडतात आणि केसांना हिरवी झाक येते, म्हणून ती टाळावी.

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत आणि त्यांना एकच चमचा वापरू नये. त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. आम्ल आणि क्लोरीनची कोणतीही पावडर एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. रसायने नेहमी बादलीतल्या पाण्यात टाकावीत, रसायनावर पाणी ओतू नये. डबे पंपघरात ठेवू नयेत. तिथली दमट हवा झाकणातून आत शिरते आणि क्लोरीनच्या वाफेने पंपाच्या जोडण्या गंजतात. बाहेर सावलीत, हवेशीर आणि कुलूपबंद कपाटात आम्ल खालच्या फळीवर आणि क्लोरीन त्यापासून लांब, वेगळ्या कपाटात ठेवावे.